कोकराच्या खुराकातील तेल

दसरा-दिवाळीच्या सुमारास भातकापणी उरकून पनवेल तालुक्यातील खाचरे मोकळी होऊ लागली, की घाटमाथ्यावरून धनगरांचे वाडे कोकणात उतरू लागतात. पारनेर तालुक्यातल्या धवळपुरीसारख्या गावांतून आणि पुणे-साताऱ्याकडील कोरडवाहू पट्ट्यातून निघालेल्या ह्या वाड्यांत पुढे काळी, काटक दख्खनी मेंढरे, मागे घोड्यांच्या पाठीवर लादलेला संसार आणि त्या संसाराच्या गाठोड्यांतून डोके वर काढून बसलेली, वाटेत जन्मलेली कोकरे असा लवाजमा असतो. रात्री खाचरात मेंढरे बसवावीत, लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून धान्य अथवा रोकड घ्यावी आणि ज्येष्ठाचे ढग दाटण्यापूर्वी पुन्हा घाट चढून देशावर निघून जावे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. मेंढी हा कोकणचा प्राणीच नव्हे. येथील पावसात तिची लोकर वाळत नाही, चिखलात खुरे सडतात आणि पाणथळ गवतातून पोटात गेलेले पर्णकृमी तिच्या यकृताची चाळण करतात. म्हणून ती येथे पाहुणी म्हणून येते आणि पाहुणीसारखीच वेळेवर निघून जाते.

परंतु पनवेलचा आणि देशावरच्या जनावरांचा संबंध ह्या हंगामी मुक्कामापुरता कधीच नव्हता. आगगाडीने भोर घाट ओलांडण्यापूर्वी मुंबईहून होडीने पनवेल बंदरास यावे आणि तेथून बैलगाडीने, १८३० साली खुल्या झालेल्या घाटरस्त्याने, पुण्याकडे जावे अशी वहिवाट होती; १८५२ सालीच येथे नगरपालिका स्थापन झाली ती ह्याच रहदारीच्या आणि व्यापाराच्या बळावर. आज होड्या गेल्या, जकातनाकीही गेली, तरी लोणंद, चाकण, बेल्हे ह्या बाजारांतून भरलेले शेळ्या-मेंढ्यांचे ट्रक घाट उतरून पनवेलवरूनच मुंबईकडे, १९७१ पासून चालू असलेल्या देवनारच्या कत्तलखान्याकडे जातात, आणि बकरी ईदच्या अगोदरच्या पंधरवड्यात तर त्यांची रीघ लागलेली असते. दुसरीकडे ज्या खाचरांत मेंढरे बसत असत त्या खाचरांवर सिडकोच्या वसाहती, गोदामे, मार्गिका आणि विमानतळ उभे राहिले. चराईची जागा आक्रसत गेली आणि मटणाची मागणी वाढत गेली, तेव्हा कोकरे रानात न हिंडवता गोठ्यात बांधून, वजन-मापाने खुराक देऊन, ठरावीक मुदतीत विक्रीला तयार करावीत असा विचार सुचणे स्वाभाविकच होते. ह्यालाच आपल्याकडे बंदिस्त पालन म्हणतात; शेळ्यांच्या बाबतीत ते महाराष्ट्रात चांगलेच रूढ झाले आहे, मेंढ्यांच्या बाबतीत अद्याप रांगते आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात शेळ्या सुमारे एक कोटी सहा लाख आणि मेंढ्या सुमारे सत्तावीस लाख होत्या, एवढ्यावरून दोहोंचे परस्परप्रमाण ध्यानात यावे.

बंदिस्त पालनाचा मूळ मुद्दा अगदी साधा आहे. धनगर आपली नर कोकरे तीन-चार महिन्यांची असतानाच विकून टाकतो. वाटचालीत त्यांना पोसणे त्याला परवडत नाही आणि रोकडीची गरज तर नित्याचीच असते. ते कोकरू ज्याने घेतले त्याने ते आणखी तीन महिने नीट पोसले, तर चराईवर ज्याचे वजन रोज जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम वाढले असते तेच शंभर ते दीडशे ग्रॅमने वाढते आणि बाजारात दुपटीच्या आसपास वजनाचे होऊन उभे राहते. मग ह्या तीन महिन्यांत त्याला काय घालावे? मका, तुरीची चुणी, गव्हाचा भुसा, शेंगदाण्याची वा सरकीची पेंड, आणि पोट भरण्यासाठी कडबा किंवा भाताचा पेंढा, ही झाली नेहमीची यादी. तीत अलीकडे एका पदार्थाची भर सुचवण्यात येऊ लागली आहे, आणि तो पदार्थ म्हणजे खाद्यतेल. अमेरिका, कॅनडा, स्पेन, इराण अशा मेंढ्यांच्या देशांत सूर्यफूल, करडई, सोयाबीन, जवस आणि पाम ह्यांची तेले कोकरांच्या खाद्यात मिसळून पाहण्याचे प्रयोग कित्येक वर्षे होत आले आहेत. त्यांचे निष्कर्ष आपल्याकडे मात्र अर्धवटच पोचतात, आणि अर्धवट पोचलेल्या ज्ञानाने गोठ्याचे जितके नुकसान होते तितके निखळ अज्ञानाने क्वचितच होते.

तेल द्यावेसे का वाटते हे आधी समजून घेतले पाहिजे. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थात सुमारे चार उष्मांक असतात, एक ग्रॅम तेलात नऊ. कोकराचे पोट लहान, त्याची वाढीची भूक मोठी; तेव्हा तेवढ्याच घासात अधिक शक्ती कोंबता आली तर ती हवीच असते. दुसरे असे की चारा पचवताना जनावराच्या शरीरात जी उष्णता निर्माण होते ती तेलाच्या पचनात कमी निर्माण होते, आणि पनवेलच्या एप्रिल-मे महिन्यांतील दमट उकाड्यात, जेव्हा मेंढरू धापा टाकत सावलीत उभे असते आणि गव्हाणीकडे बघतही नाही, तेव्हा हा लाभ क्षुल्लक म्हणता येणार नाही. तिसरे, भरड्याचा धुरळा तेलाने बसतो, त्यामुळे कोकरे शिंकत नाहीत आणि बारीक पूड वाऱ्यावर जात नाही. आणि चौथे कारण हल्ली विशेष आवडीने सांगितले जाते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मिथेन वायू तयार होतो, खाद्यातील एकूण शक्तीपैकी शेकडा दोन ते बारा इतका भाग ह्या ढेकरांवाटे वाया जातो आणि वातावरणही तापवतो. खाद्यात तेल असले म्हणजे ह्या वायूची निर्मिती उणावते. खोबरेल तेलाचा हा गुण विशेष आहे, कारण त्यातील आम्ले पोटातील एकपेशीय आदिजीवांना मारक ठरतात.

इतके गुण असताना अडचण कोठे येते? ती येते कोठीपोटात. मेंढीला चार कप्प्यांचे पोट असते आणि त्यांतील पहिला व सर्वांत मोठा कप्पा जे कोठीपोट, तेथे अब्जावधी सूक्ष्म जीवाणू चारा कुजवून त्यातील तंतूंचे पोषक आम्लांत रूपांतर करीत असतात. मेंढी गवतावर जगते असे आपण म्हणतो. वस्तुतः गवतावर जीवाणू जगतात आणि जीवाणूंवर मेंढी. ह्या जीवाणूंना तेल मानवत नाही. तेलाचा पातळ थर तंतूंवर चढला की जीवाणूंना त्यांना चिकटता येत नाही, आणि करडई-सूर्यफुलासारख्या पातळ तेलांतील असंपृक्त मेदाम्ले तर तंतू पचवणाऱ्या जीवाणूंना प्रत्यक्ष विषासारखी बाधतात. परिणामी चारा पोटात पडून राहतो, भूक मंदावते, लेंडी पातळ होते आणि ज्या शक्तीसाठी तेल दिले तिच्याहून अधिक शक्ती न पचलेल्या चाऱ्यावाटे बाहेर पडते. खाद्याच्या एकूण शुष्क भागात मेदाचे प्रमाण शेकडा सहा-सातच्या पलीकडे जाऊ नये असा जो पशुपोषणशास्त्रातील दंडक आहे तो ह्यामुळेच. नेहमीच्या चाऱ्यादाण्यात दोन-तीन टक्के मेद मुळातच असतो, तेव्हा वरून घालण्यास तीन ते चार टक्क्यांचीच जागा उरते.

एक शंका येथे रास्त आहे. मेंढीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, तो नवजात कोकरास कसा पचतो? निसर्गाने त्याची तजवीज करून ठेवली आहे. कोकरू आचळाला लागले की अन्ननलिकेच्या टोकाशी असलेली एक खोबण मिटून नळी तयार होते आणि दूध कोठीपोटास वळसा घालून थेट चौथ्या कप्प्यात, म्हणजे खऱ्या जठरात उतरते. गव्हाणीतल्या भरड्याला ही वाट खुली नसते.

आता परदेशातील प्रयोग आणि पनवेलचा गोठा ह्यांतील मूलभूत अंतराकडे वळू. अमेरिकेतील किंवा कॅनडातील बंदिस्त कळपातल्या कोकरांच्या खाद्यात शेवटच्या टप्प्यात बहुतांश भाग धान्याचाच असतो, चारा नावापुरता. तेथे तंतूंचे पचन थोडे बिघडले तरी हिशेब फारसा बिघडत नाही. आपल्याकडे नेमके उलट आहे. येथे गव्हाण भरते ती पेंढ्याने, आणि भाताचा पेंढा हा मुळातच सिलिकेने भरलेला, पचायला जड आणि सत्त्वाने उणा असा चारा आहे. त्यातून जे काही पोषण मिळवायचे ते केवळ त्या तंतुभक्षक जीवाणूंच्या कृपेनेच मिळते. त्यांच्यावरच तेल ओतणे म्हणजे पेंढ्याचा उरलासुरला उपयोगही गमावणे होय. परदेशी निबंधातील टक्केवारी उचलून जो कोणी ती पेंढ्यावर पोसलेल्या कोकरास लागू करील त्याच्या पदरी निराशाच येईल, आणि दोष तो तेलाला देईल.

ह्याहूनही चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. कोठीपोट हे नुसते तेलाने त्रस्त होऊन बसत नाही, ते तेलाचे स्वरूपच पालटून टाकते. १९५१ साली रेमंड रायझर ह्या अमेरिकन संशोधकाने जवसाचे तेल मेंढीच्या कोठीपोटातील द्रवाबरोबर ठेवून पाहिले तेव्हा त्यातील असंपृक्त आम्लांचे प्रमाण घटल्याचे त्याला आढळले; पुढे न्यूझीलंडमध्ये शॉरलंड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कुरणातील गवतातील स्निग्धांशाचेही मेंढीच्या पोटात हेच होते असे दाखवून दिले. जीवाणू तेलाच्या रेणूला हायड्रोजन जोडतात, पातळ तेलाचे घट्ट चरबीत परिवर्तन करतात. मुंबईकरांना ह्या क्रियेचे मोठ्या प्रमाणावरील रूप चांगले परिचित असायला हवे, कारण १९३० नंतरच्या दशकात शिवडीच्या वनस्पती कारखान्यात निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन भरून जे 'डालडा' तयार होऊ लागले तेच काम मेंढी आपल्या पोटात, निकेलावाचून आणि परवान्यावाचून, युगानुयुगे करीत आली आहे. म्हणून आपण करडईचे तेल घातले तरी मेंढीच्या अंगावर करडईची चरबी चढत नाही, मेंढीचीच चढते. डुकराचे किंवा कोंबडीचे तसे नाही; त्यांना जे तेल चारावे त्याची छाप त्यांच्या चरबीवर सरळ उमटते.

तथापि जीवाणूंचे हे काम शंभर टक्के पुरे होत नाही, आणि ह्या अपुरेपणातच शास्त्रज्ञांना रस आहे. करडईच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश भाग लिनोलेइक आम्लाचा असतो. त्याचे घट्ट चरबीत रूपांतर होताना मधल्या पायरीवर एक वेगळ्या घडणीचे आम्ल निर्माण होते, ते काही अंशी तसेच निसटून आतड्यात जाते आणि मांसात उतरते. शिवाय त्याच्या पुढच्या पायरीवरचे आम्लही निसटते आणि मेंढीच्या ऊतींमध्ये त्यापासून तेच आम्ल पुन्हा घडते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील मायकेल पारिझा ह्यांना भाजलेल्या गोमांसाच्या अर्कात कर्करोगास प्रतिबंध करणारे काहीतरी आहे असे आढळले आणि १९८७ साली ते द्रव्य ह्याच वर्गातील आम्ल असल्याचे त्यांच्या गटाने दाखवले, तेव्हापासून रवंथ करणाऱ्या जनावरांच्या मांसात आणि दुधात ते वाढवण्याची अहमहमिका लागली. कॅनडात मीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोकरांच्या खाद्यात शेकडा सहा करडई तेल घातले, तेव्हा त्यांच्या मांसातील ह्या आम्लाचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढले. ही गोष्ट खरी आहे. परंतु ती किती अल्प मात्रेच्या पदार्थाविषयी आहे आणि उंदरांवरील प्रयोगांत दिसलेला गुण माणसांत त्याच स्पष्टतेने दिसून आलेला नाही, हे न सांगता जो 'आरोग्यदायी मटण' अशी पाटी लावील त्याच्यापासून ग्राहकाने चार हात दूर राहावे.

करडईचे नाव निघाल्यावर फलटणची आठवण होणे अपरिहार्य आहे. बनबिहारी निंबकर ह्यांनी १९६८ साली तेथे स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत करडई आणि मेंढी ह्या दोहोंवर एकाच आवारात दीर्घकाळ काम झाले आहे, असा योग अन्यत्र क्वचितच जुळून येतो. एका बाजूस तेथे काटे नसलेल्या करडईचे वाण सिद्ध झाले, जेणेकरून शेतमजुराचे हात रक्तबंबाळ न होता पीक काढता यावे. दुसऱ्या बाजूस बंगालच्या सुंदरबनातील चिमुकल्या गरोळ मेंढीतील, एका वेतात अधिक कोकरे देणारा आनुवंशिक घटक दख्खनी मेंढीत उतरवून 'नारी सुवर्णा' ही जुळी देणारी मेंढी तयार करण्यात आली. जुळी कोकरे म्हणजे आईचे दूध अपुरे, म्हणजेच कोकराच्या खुराकाचा प्रश्न लवकर आणि निकडीने समोर उभा. बंदिस्त पालनाची खरी कसोटी अशाच कोकरांवर लागते. सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातील माडग्याळी मेंढी अंगाने थोर आणि वाढीला वेगवान, म्हणून पुष्कळांची नजर तिच्याकडेही आहे. पोसण्यासाठी कोकरू निवडताना जातीचा हा विचार तेलाच्या विचाराआधी व्हावा, कारण ज्या कोकराच्या रक्तातच वाढ नाही त्याला तेल पाजून ती आणता येत नाही. मिळते ती केवळ चरबी, आणि आपला मराठी गिऱ्हाईक तर मटणवाल्यासमोर उभा राहून 'चरबी नको' असे बजावणारा!

तेल कोठीपोटापासून वाचवून पुढे न्यावे, अशी युक्ती शास्त्रज्ञांना सुचली नसती तरच नवल. ऑस्ट्रेलियात स्कॉट, कुक आणि मिल्स ह्यांनी १९७१ साली तेलाच्या सूक्ष्म थेंबांवर प्रथिनाचे वेष्टण चढवून ते फॉर्मॅल्डिहाइडने पक्के करण्याची रीत प्रसिद्ध केली. हे वेष्टण कोठीपोटात टिकते आणि जठराच्या आम्लात विरघळते. पुढे ओहायोमध्ये पामक्विस्ट आणि जेन्किन्स ह्यांनी मेदाम्लांचे चुन्याशी साबण बनवून तेच साधले, आणि ही दुसरी रीत स्वस्त असल्याने जगभर पसरली. आपल्या दूधउत्पादकांना ती 'बायपास फॅट' ह्या नावाने ठाऊक आहे. व्यालेल्या म्हशीला रोज शंभर-दोनशे ग्रॅम ही पूड देण्याची चाल महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी पडली आहे. कोकरांनाही ती देता येते आणि तंतूंच्या पचनाला तिचा उपद्रव होत नाही. पण दुभत्या म्हशीचा खर्च दुधाच्या बिलातून दहा दिवसांनी वसूल होतो, कोकराचा तीन महिन्यांनी आणि एकदाच होतो, हे अंतर पोसणाऱ्याने विसरू नये.

जमाखर्चच मांडायचा तर तो असा. पंचवीस किलो वजनाचे कोकरू दिवसाला साधारण एक किलो शुष्क खाद्य खाते. त्यात शेकडा चार प्रमाणे तेल घातले तर रोजचे चाळीस ग्रॅम झाले, आणि नव्वद दिवसांचे छत्तीसशे ग्रॅम. किरकोळ बाजारात सूर्यफूल तेल लिटरला सव्वाशे-दीडशे रुपयांच्या घरात धरले तर एका कोकरामागे पाचशे-सहाशे रुपये केवळ तेलावर गेले. बदल्यात काय मिळाले? प्रयोगांचे तात्पर्य पाहिले तर रोजची वजनवाढ पुष्कळदा जशीच्या तशी राहते. कोकरू खाद्य थोडे कमी खाते, म्हणून किलोमागे लागणाऱ्या खाद्यात काहीशी बचत होते आणि अंगावर चरबी अधिक धरते. बचत झालेला भरडा पाचशे रुपयांचा क्वचितच भरतो. शिवाय आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी अर्ध्याहून अधिक परदेशांतून येते. न्हावा-शेव्याचे बंदर पनवेलपासून हाकेच्या अंतरावर आहे म्हणून मलेशिया-इंडोनेशियाचे पामतेल येथे स्वस्त पडत नाही, आणि ज्या तेलासाठी गृहिणी महिन्याचा हिशेब दोनदा तपासते ते मेंढरांच्या गव्हाणीत ओतण्यात शहाणपण आहे असे मला वाटत नाही.

मग तेलाचा विचारच सोडून द्यावा काय? मुळीच नाही, तो डब्याऐवजी बीजात, पेंडीत आणि कोंड्यात शोधावा एवढेच. आपले जुने मेंढके आणि टकरीचे मेंढे पाळणारे शौकीन ह्यांना तेल, मेदाम्ल हे शब्द माहीत नव्हते, पण ते मेंढ्याला सरकी घालीत, आणि सरकीत शेकडा अठरा-वीस तेल असते. बी कोठीपोटात सावकाश फुटते, तेल एकदम न सुटता झिरपत सुटते आणि जीवाणूंना त्याची बाधा कमी होते. लाकडी किंवा लोखंडी घाणीच्या पेंडीत शेकडा सात-आठ तेल मागे राहते, रासायनिक द्रावणाने काढलेल्या पेंडीत एक-दोनही राहत नाही. दोहोंचा भाव सारखा असेल तर घाणीची घेणारा कोकरांना तेल फुकट चारीत असतो. सरकीविषयी एक इशारा मात्र द्यायलाच हवा. तिच्यात गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते, ते रवंथ न करणाऱ्या लहानग्या कोकरांना घातक आणि पैदाशीच्या नरांना अपायकारक आहे. तेव्हा तीन महिन्यांवरील, विक्रीसाठी पोसलेल्या कोकरांनाच आणि तीही मर्यादेत द्यावी.

पनवेलच्या दृष्टीने सर्वांत जवळचे तेल भाताच्या कोंड्यात आहे. हा मुलूख भाताचा, डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र पनवेललाच आहे आणि खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या 'पनवेल' ह्या नावाच्या जाती तेथेच तयार झाल्या. गिरणीत तांदूळ सडताना जो बारीक, फिकट कोंडा निघतो त्यात शेकडा बारा ते अठरा तेल असते, शिवाय प्रथिने आणि जीवनसत्त्वेही. रोज दोनशे-अडीचशे ग्रॅम कोंड्यातून कोकरास तेच तीस-चाळीस ग्रॅम तेल मिळते ज्यासाठी डब्याला पाचशे रुपये मोजावे लागले असते. परंतु कोंडा ताजा हवा. दाण्यावरचे वेष्टण सुटताक्षणी त्यातील एक विकर तेलाचे विघटन करू लागते आणि कोकणच्या दमट हवेत तीन-चार दिवसांत कोंड्याला असा खवट वास येतो की जनावर तोंड फिरवते. गिरणीतून आणलेला कोंडा त्याच आठवड्यात संपवावा, अथवा कढईत कोरडा परतून ठेवावा. उष्णतेने ते विकर निकामी होते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. कोंड्यात स्फुरद अतोनात आणि चुना नगण्य, त्यामुळे केवळ कोंड्यावर पोसलेल्या नर कोकरांना मूतखडा होतो, लघवी तुंबते आणि विक्रीला आठ दिवस उरले असताना तयार माल गोठ्यात मरून पडतो. त्यावर उपाय स्वस्त आहे: खाद्यात शेकडा एक ते दीड चुनखडीची पूड, शेकडा एक मीठ आणि समोर सदैव स्वच्छ पाणी. मिठाने तहान वाढते आणि खडे साचत नाहीत. खनिज मिश्रण घालायचे तर मेंढ्यांसाठी बनवलेले घालावे, कारण गाईम्हशींच्या मिश्रणातील तांबे मेंढीच्या यकृतात साचून तिला विषासारखे भोवते. आणि शेंगदाणा पेंड पावसाळ्यात घेऊ नये, तीवरील बुरशीचे विष डोळ्यांस दिसत नाही.

कोणी अधिक चतुर गृहस्थ म्हणतील की पनवेलपासून खोपोलीपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा वडे-भजी तळणारी एवढी हॉटेले आहेत, त्यांचे वापरलेले तेल फुकट मिळते, ते का घालू नये? ते घालू नये. वारंवार तापलेले तेल विघटित झालेले असते. त्यातील ध्रुवीय द्रव्ये शेकडा पंचवीसच्या वर गेली तर ते माणसाच्या खाण्यास अयोग्य, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला आहे, आणि असे तेल जैविक डिझेलकडे वळवावे असे त्याच प्राधिकरणाचे धोरण आहे. कोकराच्या शरीरातील ई जीवनसत्त्व असल्या तेलाने झपाट्याने खर्ची पडते, आणि त्याच्या मांसाचा रंग कापल्यावर लवकर काळवंडतो.

ज्याला तरीही थोडे तेल द्यायचेच आहे, आणि उन्हाळ्यात तीव्र उकाड्यात खाणे सोडलेल्या कोकरांना ते द्यावे असे मीही म्हणेन, त्याने ते पेंढ्यावर न शिंपडता भरड्यात नीट चोळून द्यावे, शेकडा एकपासून आरंभ करून दहा-पंधरा दिवसांत दोन-तीनवर यावे आणि लेंडी पातळ दिसू लागताच मागे यावे. पोटफुगीवर गोडेतेल पाजण्याचा घरगुती उपाय आपल्याकडे जुना आहे आणि तो योग्यही आहे, कारण तेलाने पोटातील फेस मोडतो. पण औषध म्हणून एकदा पाजलेले तेल आणि अन्न म्हणून रोज चारलेले तेल ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. खुराक कोणताही असो, तो एकाएकी वाढवला की आंत्रविषाराने धडधाकट कोकरे रातोरात मरतात, म्हणून गोठ्यात आणल्याबरोबर त्याची लस टोचून घेणे हे तेल, पेंड, कोंडा ह्या सगळ्यांच्या आधी येते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात ती मिळते.

पनवेल परिसरात ज्या कोणास येत्या बकरी ईदसाठी वीस-पंचवीस कोकरे बांधायची असतील त्याने तेलाच्या डब्याचा भाव विचारण्यापूर्वी जवळच्या भातगिरणीत जाऊन ताज्या कोंड्याचा आणि घाणीवाल्याकडे जाऊन पेंडीचा भाव विचारावा. डबा विकत घेण्याची गरज त्याला बहुधा पडणार नाही.